वीस मिनिटं कोण थांबणार?

माझी धाकटी जाऊ लग्नकार्यात माझी ओळख करून देते ती अशी, "या आमच्या वृंदावहिनी, टेस्टिंगमध्ये होत्या." की समोरची बाई सुरूच होते. तिची साखर, तिच्या नवऱ्याचं कोलेस्टेरॉल, दादरला कुठली लॅब बरी. पूर्वी मी समजावून सांगायची, की मी रक्त तपासत नाही, सॉफ्टवेअर तपासते. त्यावर "म्हणजे कॉम्प्युटरला व्हायरस झालाय का ते?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. हल्ली मी एका लॅबचं नाव सांगून टाकते आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहते.

यंदा निवृत्त झाले आणि संपादकांचा फोन आला, की नोकरीतल्या गमतीजमती लिहा. माझ्या नोकरीतली गंमत एवढीच, की एक काम सगळ्यांनी करावं म्हणून बोंबलत राहण्याचा मला पगार होता, आणि ते न करता बाकीच्यांनाही पगार होताच. तेव्हा गमतीजमतीऐवजी चिडचिड लिहून पाठवते आहे. छापायची तर छापा.

आधी धंदा काय तो सांगते. समजा बोंबलाचं कालवण करायचं आहे. आमच्या सीकेपी घरात हे समजा म्हणावं लागत नाही, ते असतंच. शहाणी बाई नारळ फोडल्याबरोबर एक तुकडा तोंडात टाकते. खवट निघाला तर तिथल्या तिथे बाजूला. तेच वाटून, घाटून, उकळी आणून मग चाखलं, तर सगळं पातेलं ओतायची पाळी येते, शिवाय दोष नारळाचा, तेलाचा की मसाल्याचा, यावर घरात वाद होतो तो वेगळाच. युनिट टेस्ट म्हणजे तो नारळाचा तुकडा. प्रोग्रॅमचा एक लहानसा भाग घ्यायचा, त्याला विचारायचं, बाबा रे, तुला हे दिलं तर तू काय देशील? बरोबर उत्तर आलं तर पडद्यावर हिरवं, चुकलं तर लाल. असे शेकडो तुकडे. कोणीही काही बदललं की सगळे पुन्हा चाखायचे.

आता यातली मेख. तुकडा चाखायला क्षणभर लागतो म्हणून बायका चाखतात. उद्या नियम काढला, की नारळ चाखण्यासाठी भायखळ्याला जाऊन शिक्का मारून आणायचा, तर सुरुवातीला सगळ्या जातील, नंतर वास घेतील, आणि शेवटी लांबून बघून म्हणतील, चांगलाच दिसतोय की. टेस्ट लवकर होत नसेल तर ती होत नाही. हे एवढंसं वाक्य मी आयुष्यभर सांगत आले, आणि माझ्या निरोपसमारंभात माझ्याबद्दल काय बोलले? "वृंदाताई डबा फार छान आणायच्या."

शेवटची नोकरी होती ती डिलाईल रोडच्या टोकाला, एका काचेच्या टॉवरमध्ये. आमची कंपनी शीतगृहांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर करायची. औषधं, आइस्क्रीम, मासळी, जे काही गारठ्यात ठेवतात त्या खोलीत एक छोटंसं यंत्र बसवायचं. ते दर दोनेक मिनिटांनी तापमान कळवायचं आणि आमचा प्रोग्रॅम ते वाचायचा. तापमान चढलं आणि चढलेलंच राहिलं, की मालकाच्या मोबाइलवर फोन वाजणार. हा प्रोग्रॅम क्लाउडवर चालायचा. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. दुसऱ्याचे कॉम्प्युटर, भाड्याने घेतलेले, आणि आपल्या नजरेआड असलेले.

टीमचा प्रमुख होता सारंग. हुशार, लाघवी, आणि जन्मापासून घाईत. टेस्ट लाल आली की त्याचं एकच औषध, "परत मारा ना ताई, होईल ग्रीन." आणि कधीकधी खरंच व्हायची. त्यामुळे ऑफिसात रीतच पडली. लाल आली, परत मार. पुन्हा लाल, चहा पिऊन ये आणि परत मार. हिरवी झाली की माल पुढे. एकच नारळ पाच वेळा चाखून पाचव्यांदा गोड लागला म्हणून कालवणात घालणारी बाई तुम्हाला कुठे भेटली तर तिचा पत्ता मला द्या, आमच्या कंपनीत तिचं भलं झालं असतं.

आमच्या इमारतीत पाणी पहाटे येतं. पिंप भरेपर्यंत जागं राहावंच लागतं, म्हणून मी त्या वेळात घरून लॅपटॉपवर टेस्ट चालवून बघायची. रोज दहाबारा लाल. ऑफिसात सारंग येऊन चालवणार, सगळ्या हिरव्या. काही दिवस असंच. मग "वृंदाताईंच्या लॅपटॉपला दृष्ट लागते" हा विनोद सुरू झाला, आणि कोणीतरी माझ्या लॅपटॉपला लिंबूमिरची बांधली. मी ती सोडून डब्यातल्या पोह्यांवर पिळली आणि कारण शोधायला बसले. कारण साधं होतं. भाड्याच्या कॉम्प्युटरांची घड्याळं आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे माझ्या दादरात आजची तारीख लागलेली, आणि तिकडे अजून काल. टेस्ट म्हणायची आज, प्रोग्रॅम म्हणायचा काल, की लाल. ऑफिस उघडेपर्यंत तिकडेही आज उजाडलेलं असायचं, म्हणून सगळं हिरवं.

मी सारंगला म्हटलं, "प्रोग्रॅमने स्वतःहून घड्याळाकडे बघायचंच नाही. वेळ काय झाली ते त्याला आपण बाहेरून सांगायचं. मग टेस्टमध्ये आपण म्हणू ती वेळ."

सारंगने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लोड नका घेऊ ताई. सिंपल सोल्युशन आहे. पहाटे टेस्ट मारू नका."

दुसरा प्रकार झांजेचा. टेस्ट चालवायला क्लाउडवर आमची एकच सामाईक जागा होती. सगळ्यांच्या टेस्ट तिथेच जाऊन खोटी शीतगृहं मांडायच्या, खोटी तापमानं भरायच्या आणि काम झालं की सगळं पुसून टाकायच्या. दोघांनी एकाच वेळी चालवल्या की एकाची मांडामांड दुसरा पुसणार. दोघांचंही लाल. म्हणजे चाळीतल्या सामाईक मोरीचा प्रकार, फक्त एसीत. मग ऑफिसच्या गणपतीच्या आरतीतली एक झांजेची जोडी कपाटात पडलेली होती, ती कोणीतरी काढली. ज्याच्या टेबलावर झांज त्यानेच टेस्ट चालवायची. झालं की वाजवायची आणि पुढच्याला द्यायची. बाहेरची मंडळी आली की त्यांना कौतुकाने दाखवायचे, आमची वर्ककल्चर. दिवसभर "झांज कोणाकडे आहे?" ही आरोळी. घाईतली माणसं झांजेची वाट बघण्याऐवजी टेस्ट न चालवताच काम पुढे ढकलायची, हे कोणी पाहुण्यांना सांगत नव्हतं.

झांज बंद केली प्रतीक्षाने. ही घोडपदेवची, घर मालवणी, टीममधली सगळ्यात चोख प्रोग्रॅमर आणि सगळ्यात कमी बोलणारी. तिने मला विचारलं, "ताई, तापमान जास्त आहे की कमी, एवढं ठरवायला क्लाउडपर्यंत जायचंच कशाला?" मी म्हटलं, बाळे, तुझ्या तोंडात साखर पडो. तिने ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर, तिथल्या तिथे, लुटुपुटूचं शीतगृह मांडलं. भातुकली म्हणा. कोणी कोणाचं पुसायचा प्रश्नच उरला नाही. ज्या टेस्टसाठी अर्धी सकाळ जायची त्या चहा गाळून होईपर्यंत संपायला लागल्या. झांज परत कपाटात गेली.

एक टेस्ट तेवढी उरली, आणि हे सगळं पुराण मी लावलं ते तिच्याचसाठी.

शीतगृहाचं दार उघडलं की तापमान थोडा वेळ चढतंच. तेवढ्यासाठी फोन वाजायला लागला तर मालक वैतागून फोनच बंद करेल. म्हणून नियम असा, की तापमान चढलेलं वीस मिनिटं सलग टिकलं तरच फोन. आता हा नियम तपासायचा कसा? ज्याने ती टेस्ट प्रथम लिहिली त्या गृहस्थाने सरळ तापमान चढवलं होतं आणि खरोखरची वीस मिनिटं वाट बघायला लावली होती. म्हणजे एक टेस्ट वीस मिनिटं नुसती बसून राहायची. झांजेच्या काळात तिला सगळ्या ऑफिसने शिव्या घातल्या होत्या. सारंग म्हणाला, "वीस मिनिटं कोण थांबणार?" आणि तिला बाकीच्यांतून वेगळं काढून 'सावकाश' नावाच्या गटात टाकलं. हा गट रविवारी आपोआप चालणार. रविवारी ऑफिसात पाखरू नसतं.

मी म्हटलं, "संपूर्ण प्रोग्रॅममध्ये महत्त्वाची गोष्ट एकच, फोन वाजणं. आणि तीच आपण तपासत नाही?"

"तपासतो ना ताई. संडेला."

"आणि निकाल कोण बघतं?"

"घड्याळाचं तुम्ही म्हणता ते करू या. नेक्स्ट स्प्रिंटमध्ये घेऊ."

स्प्रिंट म्हणजे आमच्याकडची पंधरवड्याची कामाची वाटणी. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी असते ना, तसा आमचा नेक्स्ट स्प्रिंट. प्रतीक्षा शेजारून हळूच म्हणाली, "आमची आई म्हणते, कोंबो झाकलो म्हणान उजाडूचा रवता काय?" सारंगला मालवणी कळत नाही. तो म्हणाला, "एक्झॅक्टली."

आता देवकामावशी. वरळीच्या कोळीवाड्यातली, दादरच्या बाजारात मासळी विकते. माझ्या सासूबाई तिच्या आईकडून घ्यायच्या, मी तिच्याकडून घेते. माझ्याहून थोडीच मोठी, पण बाजारात सगळ्यांचीच मावशी. तिच्यासारख्या कोळणींचा एक गट आहे. धक्क्याजवळ त्यांची एक लहानशी शीतखोली आहे. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते त्या महिन्यांत याच खोलीतल्या मालावर त्यांचा धंदा चालतो. एकदा पिशवीत पापलेट टाकता टाकता तिने विचारलं, "ताय, तुमी कामाला कुटं?" मी कंपनीचं नाव सांगितलं तर म्हणाली, "आगो, मंग तो भिंतीवरचा डबा तुमचाच की." त्यांच्या खोलीत आमचं यंत्र बसलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून मला कोथिंबीर जास्त मिळायला लागली.

गेल्या बंदीच्या महिन्यांतली गोष्ट. मी सुरमई घ्यायला गेले. ती कोयत्यावर तुकड्या पाडत म्हणाली, "बर्फातली हाय, ताजी बोलनार नाय तुमाला." मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "एक इचारू? तुमचा तो फोन खरा वाजतो ना?"

"का हो?"

तेव्हा तिने सांगितलं. फार वर्षांपूर्वी एकदा त्या खोलीचं मशीन बंद पडलं होतं आणि कोणाला कळलंच नव्हतं. सगळ्या बायकांचा माल समुद्रात टाकावा लागला होता. तेव्हापासून बंदीचे महिने तिचा नवरा, धाकूबाबा, त्या खोलीच्या दाराशी खाट टाकून झोपतो. मशीनचा आवाज थांबला की त्याला जाग येते. आता त्याची छाती भरते, दमा झालाय, आणि डॉक्टरने सांगितलंय की तिथल्या ओलीतून आणि गारठ्यातून त्याला आधी हलवा. मुलगा सांगतो, सून सांगते, पण म्हातारा हलत नाही. म्हणतो, तो डबा शोभेचा आहे.

"तो माजं ऐकंल," मावशी म्हणाली. "पन मी कोनाच्या भरवशावर बोलू? तुमी एकदा हो बोला. फोन खरा आसंल तं आजच म्हाताऱ्याला घरी आनते."

माझ्या तोंडून हो निघेना. मी म्हटलं, "उद्या सांगते."

ती कोयता ठेवून बघतच राहिली. "उद्या? तुमीच बनवता नि तुमालाच म्हाईत नाय?"

चिडचिडीत माझी हयात गेली, पण एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. एका कोळणीने विचारलेला प्रश्न अगदी तोच होता, जो विचारायचा मला पगार मिळत होता, आणि उत्तर रविवारच्या गाठोड्यात बांधून ठेवलेलं. सुरमई घेऊन घरी आले. तळली, पण मला ती गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी विचारलं, की ती वीस मिनिटांची टेस्ट शेवटची हिरवी कोणी बघितली? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी 'सावकाश' गटाचे रविवारचे निकाल उघडले. खालपर्यंत सगळे लाल. प्रत्येक लालपुढे सोमवारी कोणीतरी इमाने इतबारे 'पाहिले' अशी खूण केलेली. पाहिले, आणि पुढे गेले.

सारंग म्हणाला, "ती टेस्टच गंडलीय ताई, जुनी आहे. परत मारून बघा ना."

"मारते," मी म्हटलं. "पण तू इथे बस. माझ्या शेजारी. वीस मिनिटं."

त्याला मीटिंग होती. मी म्हटलं, बस. आजवर त्याला मी अशी बोलले नव्हते, म्हणून असेल, बसला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. त्याचा पाय हलत होता, मोबाइल थरथरत होता, मधे एकदा त्याने खिडकीतून पलीकडच्या टॉवरचे मजलेही मोजून पाहिले. वीस मिनिटांनी लाल. तो म्हणाला, "परत मारू या?" मी म्हटलं, "मारू या, पण पुन्हा शेजारी बसायचं." तेव्हा त्याने प्रतीक्षाला हाक मारली.

प्रतीक्षाने प्रोग्रॅमचा तो भाग उघडला आणि थोड्या वेळात बोट ठेवलं. कोणीतरी मध्यंतरी त्यात सुधारणा केली होती. कोणी ते मी सांगत नाही. केली त्याला ठाऊक आहे, आणि तो हा अंक वाचतो. लपंडावात राज्य आलेलं पोर आकडे मोजत असतं आणि कोणी मधेच हाक मारली की चुकून पुन्हा एकपासून सुरू करतं, तसं झालं होतं. यंत्राकडून नवीन तापमान आलं की प्रोग्रॅम वीस मिनिटं पहिल्यापासून मोजायचा. तापमान तर दर दोन मिनिटांनी येणार. म्हणजे वीस मिनिटं कधीच भरणार नव्हती. खोलीतली मासळी सडून किडे पडले असते, तरी फोन वाजला नसता.

"लाइव्ह आहे हे?" सारंगने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"सगळ्या कस्टमरना गेलंय," प्रतीक्षा म्हणाली. "कधीचंच."

सारंग हळूच म्हणाला, "पण कोणाची कम्प्लेंट नाही आली."

तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, "येणार कुठून? तिकडे एक दमेकरी म्हातारा दाराशी खाट टाकून झोपतोय, म्हणून आली नाही. तुला वीस मिनिटं बसवत नव्हतं, तो वर्षानुवर्षं बसलाय. आणि आपण त्याच्या बायकोला सांगितलंय की आता झोपा बिनघोर."

  सारंगने दिवसभराच्या मीटिंगा रद्द केल्या आणि प्रतीक्षाला म्हणाला, "ताई सांगतात तसं कर. आत्ता." त्याच्या बाजूने एवढं नोंदवायलाच हवं.

प्रतीक्षाने प्रोग्रॅमकडून घड्याळ काढून घेतलं. आता त्याने स्वतः वेळ बघायची नाही, त्याच्या हातात आपण देऊ ते घड्याळ. खऱ्या कामात खरं घड्याळ द्यायचं, टेस्टमध्ये खोटं, ज्याचे काटे आपण फिरवू. मग टेस्ट काय म्हणते? तापमान चढलं. दोन मिनिटं झाली समज, अजून चढलेलंच. चार झाली समज. अशी समज समज करत वीस. आता सांग, फोन लावलास का?

मी तिला म्हटलं, आधी बिघडलेल्या प्रोग्रॅमवर चालव. जी टेस्ट बिघाड असताना लाल होत नाही तिच्या हिरव्याला काही अर्थ नसतो. तिने चालवली. लाल. मग चूक दुरुस्त केली आणि पुन्हा चालवली. मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत हिरवी होऊन गेली होती. दोन्ही वेळा मिळून आम्ही शिंकायलाही थांबलो नव्हतो. मग मला हावच सुटली. मधे दार बंद झालं तर? यंत्राने एखादं तापमान कळवलंच नाही तर? वीज जाऊन आली तर? आधी यातलं एकही कोणी तपासलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वीस मिनिटं. आता सगळं एका दमात. 'सावकाश' गट आम्ही पुसून टाकला, पहाटेच्या माझ्या लाल टेस्टही त्याच हिसक्यात सुधारल्या, आणि दुरुस्त प्रोग्रॅम त्याच दिवशी सगळीकडे गेला.

संध्याकाळी मी बाजारात गेले. मनात येत होतं की नुसतं हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण मी म्हटलं, "मावशी, काल विचारलंत तेव्हा फोन वाजला नसता. आज वाजेल."

तिने रागाने बघितलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तिने फक्त टोपलीवर फडकं टाकलं आणि म्हणाली, "चला. हे म्हाताऱ्याला सांगा."

शीतखोलीच्या दाराशी धाकूबाबा खाटेवर बसलेला होता. अंगात बनियन, डोक्याला टोपी, श्वासाचा आवाज खोलीच्या मशीनच्या आवाजात मिसळलेला. मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मंग मी बरोबर होतो." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आता वाजंल कशावरून? माज्यासमोर वाजवा."

मी म्हटलं, "बाबा, आम्ही तपासलंय. ऑफिसात, अगदी नीट."

"ऑफिसात मासली हाय काय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. नारळ चाखला म्हणून कालवण चाखायचं राहत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवत आले होते. मावशीने भिंतीवरचा डबा उतरवून दाराबाहेर, तिच्या टोपलीशेजारी ठेवला, म्हणजे आतल्या मालाला ऊब नको. आणि आम्ही तिघं त्या खाटेवर बसलो. वीस मिनिटं. जी मी अख्ख्या ऑफिसच्या मानेवरून उतरवली होती, ती माझ्या मानेवर बसली. मावशीने चहा मागवला. धाकूबाबा हातातल्या मोबाइलकडे बघत होता. माझा पाय हलतोय हे माझ्या नंतर लक्षात आलं.

फोन वाजला. त्याचा, मावशीचा, आणि माझाही, कारण सकाळी मी माझा नंबर त्यांच्या यादीत घालून घेतला होता. धाकूबाबाने कानाला लावला, आमची ती यांत्रिक बाई शेवटपर्यंत ऐकली, आणि म्हणाला, "बाय बोलते हळू." मग उठला आणि गादीची वळकटी करायला लागला. मावशीने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. खाट तशीच ठेवली त्याने. म्हणाला, "र्‍हाऊ दे. तुमच्या बायचा घसा बसला तं."

पुढच्या वार्षिक मीटिंगमध्ये 'टेस्टचा वेग प्रचंड वाढवला' असं मोठ्या अक्षरांत पडद्यावर आलं आणि टाळ्या सारंगला मिळाल्या. प्रतीक्षाचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं. त्याची खंत मला अजून आहे, आणि हे लिहितेय त्यात तीही एक खुन्नस आहे. माझं नाव नव्हतं, पण मी डबा छान आणायचे.

धाकूबाबाला मात्र माझी सवय लागली. दर शनिवारी संध्याकाळी तो डबा बाहेर काढून ठेवतो आणि फोन वाजतो का बघतो. माझा नंबर अजून यादीत आहे. म्हणजे निवृत्त झाले तरी दर शनिवारी, ऐन स्वयंपाकाच्या वेळी, ती यांत्रिक बाई मला सांगते की शीतगृहाचं तापमान वाढलं आहे. घरातले म्हणतात नंबर काढून टाक. मी वैतागते आणि काढत नाही.

गेल्या शनिवारी फोन वाजला नाही. भाजी झाली, पोळ्या झाल्या, तरी नाही. मी आधी प्रतीक्षाला फोन लावला. विचारलं, आज काही बदल गेला का, टेस्ट चालवल्या का. ती म्हणाली, "ताई, प्रत्येक बदलाला चालतात, कोणी मारायची गरजच नाही. दुपारीच झाल्या. सगळ्या हिरव्या. फोनच्या पण." मग मी मावशीला लावला. पलीकडे इतका गोंधळ, की तिला दोनदा ओरडावं लागलं. पुतणीची हळद होती.

"डबा बाहेर काढला नाही आज?" मी विचारलं.

"कोन काडनार? म्हातारा नाचतोय."

"नाचतोय?"

"मगाधरनं. ऐकत नाय कोनाचं. डबा विसरला तो." ती हसली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "ताय, फोन खरा हाय ना?"

"खरा आहे," मी म्हटलं. "नाचू दे त्याला."